नाटकातला पाऊस आणि आई

मंडळी, आज दुपारी लंडनमध्ये आईला नाटकाला नेलं होतं. ती दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीजवळच्या खेड्यातून माझ्याकडं पहिल्यांदाच आलीय.

दुसऱ्या अंकात रंगमंचावर खरंखुरं पाणी कोसळायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं माझा हात घट्ट धरला.

"आरं, एवढं पाणी कुठं जातंय?"

"वाहून जात असंल, आई."

ती रडायलाच लागली. "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडाय जायचो. तुझी थोरली बहीण तापानं फणफणली व्हती. पाणी पाणी करत गेली रं. घागरीत थेंब न्हवता."

मला बहीण होती, हे मला आज कळलं.

आता घरी ती खिडकीशी बसलीय. बहिणीचं नाव विचारावंसं वाटतंय, पण धीर होत नाही. तुम्ही विचारलं असतं का?