दुपट्टा आरशावर आहे का?

ट्रकच्या पुढच्या दोन चाकांना जवायाचा मान देणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो आमच्याच घरचा जवाई निघावा, हे माझं नशीब. माझ्या नणंदेचे हे यजमान बावीस वर्षांपूर्वी अधिक महिन्यात धोंडे खायला सहकुटुंब मूल गावी आमच्या घरी आले. मुक्काम आठ दिवसांचा ठरला होता. चौथ्या दिवशी आमच्या बिछायत केंद्राचा, म्हणजे मांडव-भांडी भाड्याने देण्याच्या धंद्याचा, ड्रायव्हर न सांगता निघून गेला. दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याकडच्या एका गावात भागवत सप्ताहाचा मांडव घालायचा होता. जवाईबापू ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "किल्ली कुठी हाये?" ती किल्ली त्यांनी आजतागायत परत दिलेली नाही. नंतर आणखी कितीतरी अधिक महिने आले. दर वेळी रीत मोडू नये म्हणून ते सकाळी पिशवी घेऊन आमच्या मागच्या दाराने निघतात, चौकात चहा पितात आणि पुढच्या दाराने जवाई म्हणून परत येतात. मग पाय धुवायला पाणी, पाट, धोंडे, सगळं साग्रसंगीत. नणंदबाई पडवीत बसून म्हणतात, "येवढा मान त मले माहेरवाशीण असून नाई भेटत."

आमचा ट्रक लहान आहे, जुना आहे आणि फोर-बाय-फोर आहे. म्हणजे एरवी फक्त मागची चाकं ओढतात. वाळू किंवा चिखल आला की पुढच्या चाकांनाही कामाला लावता येतं. नव्या गाड्यांत त्यासाठी नुसतं बटण असतं म्हणे. आमच्याकडे ड्रायव्हरने खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी चकती असते ती हाताने फिरवून कुलूप लावल्यासारखी बसवायची, परत वर चढायचं, क्लच दाबायचा आणि मोठ्या गिअरशेजारचा छोटा लिव्हर ओढायचा. जवाईबापू हे काम असं करतात की बघणाऱ्याने चप्पल काढावी. त्यांचा सिद्धान्त साधा आहे. "पुढची चाकं म्हणजे जवाई. हातानं बोलावल्याशिवाय येत नाई, आन् एकदा आले का लवकर जात नाई." हे सांगताना आपण कोणाबद्दल बोलतोय, याची त्यांना जराही शंका येत नाही. एका बाजूची चकती फिरवून दुसरी विसरणाऱ्या ड्रायव्हरांचा त्यांना मनस्वी संताप आहे. "दोन जवाई एका पंगतीत बसले. एकाले पाट देता न् दुसऱ्याले जमीन? लगन नाई मोडणार त काय होईन?"

एकदा लग्नाच्या गावी जाताना नाल्याच्या अलीकडे ते असेच चाकापुढे उकिडवे बसले होते. वधूपिता सामोरा आला होता. त्याला वाटलं, ही गाडीची पूजा. त्याने घाईघाईने नारळ मागवला, दोन्ही चकत्यांना कुंकू लावलं आणि हात जोडून उभा राहिला. जवाईबापूंनी त्याचा गैरसमज दूर केला नाही; नारळ तेवढा ठेवून घेतला. मात्र घरी आल्यावर त्या कुंकवाच्या जागी लाल रंगाने बारीक रेघ ओढली. रेघ वर आली की चाक बसलं, खाली गेली की सुटलं. गाडी दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्री चाचांनी ते पाहून कपाळावर हात मारला. "जवाईबापू, गाडी को दुल्हन बना दिया!" पण पुढच्या आठवड्यात त्यांनीही दुसऱ्या एका गाडीला तशीच रेघ मारून दिली.

खरी गंमत दुपट्ट्याची. वाळूत गाडी चारात, म्हणजे चारही चाकांवर, टाकणं सोपं, डांबरावर आल्यावर दोनात आणायचं लक्षात राहणं कठीण. म्हणून गाडी चारात गेली की ते खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून समोरच्या आरशावर टाकतात. दुपट्टा आरशावर म्हणजे चार, खांद्यावर म्हणजे दोन. शिवाय सक्त नियम: दुपट्टा आरशावर असेपर्यंत ड्रायव्हरखेरीज कोणी गाडीतून उतरायचं नाही. "लोक उतरले का गप्पा सुरू होते, अन् गप्पा सुरू झाल्या का मी इसरतो."

एका लग्नाहून परतताना नाल्याच्या वाळूत गाडी उसळली आणि माझ्या पायाशी ठेवलेल्या पातेल्यातला वांग्याचा रस्सा सांडला. मी हाताला आलं ते फडकं ओढलं आणि पुसून घेतलं. डांबर आलं. जवाईबापूंनी वर आरशाकडे पाहिलं. काही नाही, म्हणून निघाले जोरात. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जड झालं, टायर कुरकुरले आणि गाडी एखाद्या रुसलेल्या बैलासारखी अडखळू लागली. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"वहिनी, दुपट्टा कुठी हाये?"

"भाजीत."

"भाजीत?" त्यांनी रिकाम्या आरशाकडे बोट केलं. "मंग आपण चारात हाओत, बाप्पा!"

लिव्हर हलेना. मी दोन्ही हातांनी ओढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "जोर नोका लावू. वळणावर पुढचे न् मागचे चाकं सारखे चालत नाई. मातीत थोडे घसरून आपसात मिटवून घेते, डांबर घसरू देत नाई. पोटात गाठ बसून राह्यली." मग त्यांनी गाडी सरळ रेषेत, अगदी हळू, दहा-बारा पावलं मागे घेतली. आतून टक् असा आवाज आला आणि लिव्हर लोण्यातून सुरी यावी तसा सुटला. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला काय हवं हेसुद्धा नणंदबाईंमार्फत कळवायचे. नवा दुपट्टा नारळासकट दिला तेव्हा रुसवा गेला.

यंदा मात्र त्यांचे गुडघे गेले. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली. मी हळवी बाई नाही. मी ठरवलं, ट्रक विकायचा आणि साधी गाडी घ्यायची; वाळूपलीकडच्या ऑर्डरी सोडून द्यायच्या. जवाईबापू शांतपणे म्हणाले, "इका. मंग माहं काय काम हाये इथी? धोंडे खाऊन झाले." आणि पिशवी भरली. मी पिशवीत डोकावले. दर अधिक महिन्यातल्या पिशवीत एक सदरा असायचा. या वेळी दाढीचं सामानही होतं. आत नणंदबाईंनीही ट्रंक काढली. मला जेवण गेलं नाही, पण ते उन्हामुळेही असेल.

नाल्यापलीकडची एक शेवटची ऑर्डर अंगावर होती. डांबरावर मी ट्रक चालवतेच, वाळूत कधी नेला नव्हता. जवाईबापू डाव्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर. "येतानी मले मूलच्या स्टँडवर सोडा. गावाकडचं घर झाडून घेतो, मंग हिलेबी नेतो." नाल्याशी मी उतरले, पदर खोचला, उकिडवी बसून दोन्ही रेघा वर आणल्या. चढून लिव्हर टाकला. ते समोर बघत होते. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो आरशावर टाकायचा मान दुसऱ्या कोणाला मिळाला. गाडी वाळूतून डुलत पार झाली. ते एवढंच म्हणाले, "एका दमात चाला. मधात थांबू नोका."

मांडव घातला, पंगती उठल्या, भांडी भरली. परत नाला ओलांडला आणि डांबरावर चढताना मी वळण जरा तिरकं घेतलं. लिव्हर अडकला. मी एकदा ओढला, दोनदा ओढला. जवाईबापू खिडकीबाहेर मोहाचं झाड बघत बसले. घाम पुसताना मला भाजी आठवली. गाडी सरळ केली, हळूच मागे घेतली. टक्. उतरून दोन्ही रेघा खाली केल्या, वर येऊन बसले.

"जवाई गेले?" त्यांनी विचारलं.

"दोघं गेले. तिसरे बसलेत."

ते हसले नाहीत, पण पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली. मूलचं स्टँड आलं. मी गाडीचा वेग कमी केला नाही.

"स्टँड गेलं, वहिनी."

"दुपट्टा आरशावर आहे, भाऊजी. उतरायचं नाही."

गाडी दोनात आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो टक् त्यांनी माझ्याआधी ऐकला होता. त्यांनी आरशाकडे पाहिलं, मग समोर.

ट्रक विकायचं राहून गेलं. दुपट्टा आता कायमचा आरशावर असतो, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग उरलेला नाही. चारात आहोत की दोनात, हे बघायला डांबर आलं की मला दर वेळी उतरून रेघा तपासाव्या लागतात. मी खाली वाकले की डाव्या खिडकीतून आवाज येतो, "काऊन जी वहिनी, जवाई बसून हायेत का?"

"बसून आहेत," मी सांगते. चाकांकडे न बघताच.