मोगऱ्याच्या कुंडीतली टरफलं

त्या फाल्गुनात मी दात घासायच्या आधी गॅलरीत जाऊन कुंडीतल्या मातीत बोट खुपसायचे. शाळेत शिकवायला निघताना पुन्हा एकदा, आणि आल्यावर चप्पल काढायच्या आत आणखी एकदा. माती कधी ओली लागायची, कधी कोरडी, आणि दोन्ही वेळा माझा जीव सारखाच टांगणीला लागायचा.

तो मोगरा मायचा होता. शहाद्याकडच्या आमच्या गावी तो ओट्यावर तेलाच्या जुन्या डब्यात वाढला होता. आदल्या वैशाखात माय गेली. गावात एकटे राहिलेल्या वडिलांना, आप्पांना, मी नंदुरबारला माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा त्यांनी कपाट नको म्हटलं, पलंग नको म्हटलं, मोगरा तेवढा टेम्पोत मांडीवर धरून आणला. मायच्या वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला तिच्याच मोगऱ्याची माळ घालायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. आणि मोगरा काही केल्या कळी धरत नव्हता.

आप्पांनी जन्मभर ऊस केला, कापूस केला, केळी केली. गावातले लोक खिशात रोगट पान घालून त्यांच्याकडे यायचे. पण या कुंडीपुढे त्यांचे हात पार गळून गेले. मी त्यांना फोनवर व्हिडिओ कसे बघायचे ते शिकवलं आणि मग घराची शांतता गेली. ‘मित्रांनो’ म्हणून सुरू होणारा आवाज सकाळपासून घुमायचा. एक बाई सांगायची, रोज पाणी घाला. एक गृहस्थ म्हणायचे, रोज पाणी घालाल तर झाड हातचं जाईल. दोघांच्याही मागे फुलांनी लगडलेला मोगरा असायचा, आणि तो नक्की कुणाच्या सल्ल्याने फुलला हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. आम्ही तांदळाचं पाणी घातलं, चहाचा चोथा घातला, केळीची सालं भिजवून ते पाणी घातलं. गुळाचं पाणी घातलं तेव्हा मुंग्यांची रांग गॅलरीतून थेट स्वयंपाकघरात आली. मी चिडचिड करत डबे पुसत बसले, आणि पुसता पुसता पुढचा व्हिडिओ मीच लावला.

त्यात अंड्याची टरफलं होती. कुटून मातीत घाला, मोगरा कळ्यांनी वाकेल, असं ती बाई छातीठोकपणे सांगत होती. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. एसटीत शेजारच्याने उकडलेलं अंडं सोलायला घेतलं तर आप्पा उठून उभ्याने प्रवास करायचे. मी फोन उपडा ठेवला आणि विषय संपला असं समजले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेलेले आप्पा स्टेशनकडून उशिरा आले. हातात वर्तमानपत्राचा पुडा होता. ऑम्लेटच्या गाडीवाल्याकडून टरफलं मागून आणली होती, सार्वजनिक नळावर धुतलीही होती. या माणसाने त्या गाडीपुढे उभं राहून कसं मागितलं असेल, याचा विचार करून मला गलबलून आलं आणि रागही आला. घरात हे नको, असं मी म्हटलं.

“वावरमा कोंबडीखत चालस, मंग हाई का नही?” आप्पा म्हणाले.

मायच्या खलबत्त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. गॅलरीतच दगडाने टरफलं कुटली, मातीत मिसळली आणि हात कितीतरी वेळ साबणाने धूत राहिले. पुढे दर काही दिवसांनी पुडा येऊ लागला.

मोगरा पिवळा पडत चालला. आम्ही टरफलं वाढवली. चैत्राचं ऊन तापलं तसं बोअरचं पाणीही वाढवलं. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार इतके, की नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. आप्पा गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालायचे. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मला पानं दिसायची.

एका रविवारी दुपारी त्यांनी एक पान तोडलं आणि उजेडात धरलं. पान पिवळं होतं, शिरा तेवढ्या हिरव्या होत्या.

“हाऊ ते केवडा शे,” ते म्हणाले.

केवडा म्हणजे उसाची पानं पिवळी पडण्याचा रोग. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही म्हणून तो येतो. आप्पांनी तो उभ्या आयुष्यात कितीदा पाहिला असेल आणि हिराकस, म्हणजे लोहाचं खत, देऊन बरा केला असेल. म्हणजे आधीच क्षाराचं पाणी, त्यात आम्ही मुठी मुठीने टरफलांचा चुनाच घालत होतो. माझा तोल गेला. गावभर ज्याच्या हाताची ख्याती, त्याला एवढं आधी का दिसलं नाही, मोबाइलमधल्या बाईला काय विचारत बसलात, असं मी त्यांना नको तितक्या मोठ्याने बोलले. आप्पा खुरपं घेऊन माती उकरू लागले.

माती बदलली, पाण्यात थोडा हिराकस दिला, पिण्याचं फिल्टरचं पाणी घातलं. शेंड्याला हिरवी पानं फुटली. कळी नाही आली. वर्षश्राद्धाच्या सकाळी मी बाजारातून मोगऱ्याची माळ आणली. आप्पांनी ती फोटोला घातली, नीट केली, पुन्हा नीट केली. पुढल्या वर्षी आपला फुलेल, मी म्हटलं.

ते गॅलरीत जाऊन कुंडीशेजारी खाली बसले. मला वाटलं, त्या रविवारचं माझं बोलणं ते विसरले असतील.

“ऊस मन्हा व्हता, मोगरा तिना,” ते म्हणाले. “ती व्हती तवय मी तिले कधीच इचारं नही, तू याले काय टाकस. आते इचारू ते कोणले? म्हनीसन फोनले इचारी ऱ्हायनू.”

आणि त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, लेकीला तरी ठाऊक असेल म्हणून. मला ठाऊक नव्हतं.