आईचा आवाज ठेवलेला कॉम्प्युटर

आईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आई आतल्या खोलीत बसली होती आणि दार उघडंच होतं, त्यामुळे तिनंही ते ऐकलं. परतताना मुरबाडच्या स्टँडवर धसईची गाडी लागायची वाट बघत बसलो असताना ती म्हणाली, "आता बोलून घेते. काय बोलू ता तुमीच सांगा."

आमचं गाव धसईहून थोडं आत. बाबांनी बरीच वर्षं भाताच्या गिरणीत हिशेबाचं काम केलं, तिथंच ते कॉम्प्युटर शिकले. गिरणीत नवा आला तेव्हा मालकानं जुना बाबांना देऊन टाकला. तो मधल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला एका टेबलावर होता. त्याचा उपयोग म्हणजे गावातल्या कुणाचा अर्ज भरून देणं, वीजबिल बघणं, एवढाच. ऑपरेशनच्या आधी मात्र बाबांनी मुरबाडहून कानाला लावायचा माईक आणला आणि आईला त्याच्यासमोर बसवलं. मी शहापूरहून सुट्टी काढून आले होते.

बोलायचं म्हटल्यावर आईला काही सुचेना. मग बाबा एकेक विचारू लागले. तिनं वालाचं बिरडं कसं करायचं ते सांगितलं, मध्येच थांबून "हिला सगळा म्हाईत हाय, कशाला सांगू," असं माझ्याकडे बघून म्हणाली. कोंबड्यांना बोलावते तसं बोलावून दाखवलं. बाबांना नेहमी ओरडते तसं ओरडून दाखव म्हटल्यावर लाजली, आणि मग खरंच ओरडली, कारण बाबांनी चहाचा कप की-बोर्डजवळ ठेवला होता. बाबांनी प्रत्येक तुकडा वेगळा ठेवला आणि त्याला नाव दिलं. शेवटी ती नुसती माझं लहानपणचं नाव घेऊन म्हणाली, "काय गो, आलीस? बस जरा." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, त्यावर ती पातळ फडकं बांधायची. बोलण्यासाठी एक यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवलं की त्यातून भुणभुणल्यासारखे शब्द निघायचे. माझी मुलगी ते ऐकून माझ्या पाठीमागे लपली. आईनं त्याच दिवशी ते यंत्र कपाटात ठेवलं. त्यानंतर ती टाळी वाजवून हाक मारायची, हातवारे करायची, फारच अडलं तर पाटीवर लिहायची.

पहिले काही महिने बाबांनी ते तुकडे लावले नाहीत. मग मी गावी आले होते तेव्हा एका संध्याकाळी आई मागच्या दारी असताना त्यांनी कोंबड्यांचा तुकडा मोठ्यानं लावला, आणि अंगणातल्या सगळ्या कोंबड्या धावत ओटीवर आल्या. आई धावतच आत आली. तिनं कोंबड्यांकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि हसायला लागली. आवाज नसलेलं हसू मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढे ती स्वतःच टेबलावर बोट वाजवून "लाव" म्हणून खुणावू लागली.

त्याच सुमारास गिरणीतल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. कुणाच्या तरी पेनड्राईव्हमधून आला म्हणे, आणि हिशेब सगळा गेला. बाबांना ते कळल्यावर झोप लागेना. त्यांना हिशेबाची फिकीर नव्हती. त्यांनी घरात पेनड्राईव्ह आणायला बंदी केली. फोनवर मला म्हणाले, "आपल्या कॉम्प्युटरला कायतरी राखण पायजे. फुकटचा असतो ना अँटीव्हायरस? बघतो मी."

मी आटगावजवळच्या गोदामात बिलं बनवते. तेव्हा आमच्याकडे मालाची घाई होती. रविवारी येते, मग दोघं बघू, असं मी म्हणाले. पण बाबांना थांबवलं नाही. त्यांनी शोधलं, सगळ्यात वर जे नाव आलं ते उघडलं. नाव ओळखीचं वाटलं, पानावर हिरवी ढाल होती, खाली 'पूर्ण मोफत' लिहिलेलं होतं. ते डाउनलोड केल्यावर त्यानं विचारलं, की आधीचं संरक्षण बंद करू का, दोन एकत्र चालत नाहीत. बाबांना ते पटलं. एका शेताला दोन राखणदार ठेवले तर ते आपसात भांडतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. रविवारी मी गेले तेव्हा कोपऱ्यात हिरवी ढाल चमकत होती. बाबांनी ती अभिमानानं दाखवली. मीही बघितली आणि बरं वाटलं.

काही आठवड्यांनी सकाळी गोदामात असताना बाबांचा फोन आला.

"बाय, कोंबड्यांचा लागत नाय."

"दुसरं लावून बघा."

"कायच लागत नाय. नावाच्या मागं काय तरी शेपूट लागलाय सगळ्यांच्या. आणि मध्ये काळा पान आलाय, विंग्रजीत."

मी त्यांना ते पान वाचून दाखवायला सांगितलं. ते एकेक अक्षर वाचत गेले. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा, अमुक वेळेत भरले नाहीत तर किल्ली नष्ट होईल. मी म्हणाले, वायर काढा, काही दाबू नका, मी येते.

पोचले तेव्हा बाबा टेबलासमोर तसेच बसून होते. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून हातानं विचारलं, काय? मी म्हणाले, मुरबाडला दाखवून आणते. पैसे भरायचे का, असं बाबांनी विचारलं तेव्हा आईनं जोरात मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'चोराला नाय द्यायचे.'

बाबा आणि मी कॉम्प्युटर घेऊन गेलो, तो मुरबाडचा दुरुस्तीवाला माणूस चांगला होता. त्यानं डबा उघडला नाही, आधी बसून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "काका, शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते बऱ्याचदा जाहिरातीचं असतं. हा अँटीव्हायरस नव्हताच. ह्यानंच दार उघडून दिलं."

"पण फुकट होता म्हणून खोटा होता का?" बाबांनी विचारलं.

"नाही. फुकटचे चांगलेही असतात. तुमच्यात आधीपासून होता तोही फुकटच होता, आणि चांगला होता. ह्यानं तो बंद करायला लावला, तिथं तुम्ही फसलात."

त्या माणसानं सांगितलं, की अशा कुलपांच्या काही किल्ल्या सापडतात आणि त्या इंटरनेटवर फुकट ठेवल्या जातात. त्यानं आमची एक फाइल तिथं तपासायला टाकली. मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. उत्तर आलं, की ह्या कुलपाची किल्ली अजून उपलब्ध नाही. दुसरीकडे कॉपी आहे का, असं त्यानं विचारलं. कॉपी नव्हती. पेनड्राईव्हच्या भीतीनं बाबांनी कधी केली नव्हती, आणि फोनमध्ये घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पैसे भरून किल्ली मिळेलच याची खात्री नाही, असंही तो म्हणाला. कुलूप लागलेल्या फायली तशाच एका हार्डडिस्कवर उतरवून घ्या आणि ती जपून ठेवा, उद्या किल्ली निघाली तर उपयोगी पडेल, एवढं त्याच्या हातात होतं. बाकी कॉम्प्युटर त्यानं पुसून कोरा केला.

घरी आल्यावर आईनं पुन्हा हातानं विचारलं. मीच सांगितलं. ती चुलीकडे गेली. बाबा जेवले नाहीत, तेव्हा तिनं ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि ते हात लावेपर्यंत हलली नाही.

नंतर आम्ही तिचा आवाज दुसरीकडे शोधू लागलो. नातेवाइकांना फोन केले. कुणाकडे तिचा व्हॉइस मेसेज नव्हता, कारण ती फोनवर मेसेज करायचीच नाही, सरळ फोन लावायची. वैशाखऱ्याच्या मावशीला आठवलं, की माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ती बोलताना दिसते. मावशीकडे जाऊन आम्ही तो लावला. हळद लावताना आई माझ्याकडे वाकून काहीतरी सांगते आहे, बायका हसत आहेत. पण व्हिडिओवाल्यानं सगळ्यावर गाणी टाकली होती. तिचे ओठ हलतात आणि वर बँड वाजतो. बाबांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला, मग परत एकदा. मावशी म्हणाली, "काय बोलली असंल?" मला आठवेना. आई शेजारीच बसली होती. तिलाही आठवेना, तिनं हात पालथे केले.

कोऱ्या कॉम्प्युटरला राखण ठेवायची म्हणून एका रविवारी आम्ही तिघं टेबलासमोर बसलो. यावेळी बाबा काही दाबायच्या आधी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायचे आणि मी अर्थ सांगायचे. आधीपासून असलेलं संरक्षण चालू केलं, ते रोज अद्ययावत होतंय ना ते बघितलं. सोबत एक फुकटचा अँटीव्हायरस घेतला, तोही बनवणाऱ्यांच्याच पानावरून, पत्ता अक्षर अक्षर तपासून. तो कायम जागा राहत नाही. आपण सांगू तेव्हा एकदा फिरून बघतो, म्हणून दोघांचं भांडण होत नाही. तिसरा एक बाबांना आवडला होता, त्याचं पान देखणं होतं. आईनं टेबलावर बोट वाजवून नको म्हटलं. त्या पानावर हिरवी ढाल होती.

सगळं झाल्यावर तपासणी लावली. पट्टी हळूहळू भरत गेली. काही सापडलं नाही, असं आलं.

"सापडणार काय," बाबा म्हणाले. "हाय काय त्यात?"

मी म्हणाले, अर्ज आहेत, नातीचे फोटो टाकू. ते हो म्हणाले. फोटो मी टाकले, त्यांची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क काढून ठेवली. बाबांनी ते फोटो उघडून बघितल्याचं मला माहीत नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आई ठीक आहे, तपासणीला जाते, अंगात बळ आहे. मी गावी गेले की त्या किल्ल्यांच्या पानावर आमच्या कुलपाचं नाव टाकते. मागच्या हिवाळ्यात भात झोडून झालं तेव्हाही टाकलं. बाबा ओटीवरून आत आले.

"काय सांगतंय?"

"अजून नाय."

"बरं." त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला तरी आठवतो का गो?"

मी आठवून बघितलं. शब्द आठवत होते, कुठं थांबायची तेही आठवत होतं. पण ते सगळं माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. मी बाबांना हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि ते भाताच्या गोणींवर ताडपत्री ओढायला बाहेर गेले.