न बघता ओळखायच्या गिटारी

"कोणती गिटार चांगली?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, चांगली कशासाठी? भाजीबाजारात जाऊन "एक चांगली भाजी द्या" असं कोणी म्हणतं का? तू काय वाजवणार, कुठे वाजवणार, आजूबाजूला किती गोंगाट असणार, ते आधी सांग. मग इलेक्ट्रिक गिटारचं बोलू.

दोन शिंगांची, तारांखाली तीन पिकअप बसवलेली, ती स्ट्रॅट. पिकअप म्हणजे तारेची थरथर उचलून स्पीकरकडे पाठवणारं चुंबक. स्ट्रॅटच्या मानेजवळचा पिकअप लावला की गोल, गोड आवाज येतो. छेडणाऱ्या हाताजवळचा लावला की तीच गिटार खणखणीत बोलते. टेली दिसायला निव्वळ फळी, पण तिचा आवाज हिरव्या मिरचीचा. एका शिंगाची, जाड आणि वजनदार जी असते, तिचे पिकअप दुहेरी. आवाज भरलेला, रॉक वाजवणाऱ्या पोरांना तीच लागते. पोकळ पोटाची गिटार जॅझ किंवा गझल वाजवणाऱ्याने घ्यावी आणि शांत जागी बसावं. आता तर डोकं नसलेल्या गिटारी निघाल्यात. वजनाला हलक्या, आणि सोबतच्या, पायाने दाबायच्या पेडलमधून वाटेल त्या गिटारचा आवाज काढून देतात. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय!

मी धुळ्याचा, राहायला देवपुरात. नोकरी नरडाण्याच्या एका कारखान्यात, आणि लग्नसराईत बँडच्या गाडीवर गिटार. आमच्याकडची वरात ज्याने पाहिली नाही त्याला सांगतो: पुढे ढोल-ताशे, मागे बँडची गाडी, गाडीवर कीबोर्ड, गायक आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. रस्ताभर अहिराणी गाणी आणि त्यावर नाचणारं सगळं वऱ्हाड. त्या गदारोळात गिटार ऐकू यायची तर तिचा आवाज सुईसारखा बारीक आणि टोकदार हवा. म्हणून मी स्ट्रॅट घेतली, हाताजवळचा पिकअप लावला आणि उभी हयात तोच वाजवला. उभं राहायची जागा स्पीकरच्या अगदी शेजारी, कारण गाडीवर दुसरी जागाच नसते.

माझी एक गोष्ट मात्र धुळे-जळगावच्या वाजवणाऱ्यांत प्रसिद्ध होती. मी न बघता गिटार ओळखायचो. जळगावला वाद्यांचं एक दुकान आहे. मूळ राजस्थानचं कुटुंब, आजोबांच्या काळापासून पेटी, तबला, ढोलकी विकणारं. गिटारी त्या मानाने अलीकडच्या. आताचे मालक माझ्याच वयाचे. मी गेलो की ते मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि मागे एकेक गिटार छेडायचे. त्यांना वाजवता काही येत नाही, नुसता तारांवरून अंगठा फिरवायचे. मी सांगायचो, "टेली. मानेजवळचा पिकअप." किंवा, "एका शिंगाची, आणि तार जुनी आहे, बदला." मग ते शेजारच्या दुकानदारांना हाका मारून बोलवायचे आणि माझ्यासाठी चहा मागवायचे. मला याचा गर्व होता. होताच, खोटं कशाला बोलू?

मागच्या लग्नसराईत रावेरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे वरात होती. दुपारचं ऊन आणि रस्त्याच्या कडेला केळीचे ट्रक उभे, म्हणून वरात मुंगीच्या पायाने चाललेली. दोन गाण्यांच्या मधे गायक माझ्याकडे वळला आणि कानाशी येऊन ओरडला, "भाऊ, जरा कमी कर ना! कानले टोचस!"

मला राग आला. टोचतंय कसलं, मला तर गिटार मेल्यासारखी वाटत होती. धार म्हणून नाही. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, तरी ती घोंगडीखालून बोलावी तशी बोलत होती. मी मनात म्हटलं, याचा गळा बसलाय म्हणून माझी गिटार खुपतेय. पुढच्या लग्नात तो परत बोलला. मी तारा बदलल्या. मग केबल बदलली. मग तारा बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, की हल्ली लोखंडच खराब येतं. शेवटी ठरवलं की गिटारच म्हातारी झाली, आता नवी घ्यायची. बायको भाकरी थापत होती, तिला हे सांगितलं. ती वर न बघता म्हणाली, "नाचता येईना, आंगन वाकडं." मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

जळगावच्या दुकानात गेलो. मालकांनी नेहमीप्रमाणे मला भिंतीकडे उभं केलं. पहिली गिटार छेडली. मी म्हटलं, "एका शिंगाची." त्यांनी ती खाली टेकवली. दुसरी छेडली. तीही मला तशीच वाटली, जरा जास्त मऊ इतकंच. मी म्हटलं, "हीसुद्धा एका शिंगाची. नवी कंपनी आहे का?" तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हणालो, "काय हो, आजकाल सगळ्या गिटारींचा आवाज एकच करायला लागले की काय?"

असं म्हणत वळून बघितलं. मालकांच्या हातात टेली होती. आणि आधीच्या दोन त्यांच्या पायाशी टेकवलेल्या होत्या. दोन्ही स्ट्रॅट.

ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "भाऊ, आज दुकानात गर्दी आहे. परत कधी खेळू." दुकानात आम्ही दोघंच होतो.

धुळ्याला परत येताना मी बसच्या खिडकीला डोकं टेकवून बसलो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत राहिली. गायक खरं बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं म्हणून मी आवाज वाढवत होतो, आणि तो टोचत होता बाकी सगळ्यांना.

कानाची तपासणी करायला गेलो तेव्हा बायको सोबत आली. मला एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. काचेपलीकडच्या मुलीने सांगितलं, "काका, आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक आला तरी दाबा." सुरुवातीला जाड, घुमणारे आवाज आले. मी भराभर दाबलं. मग थोडे बारीक आले, तेही दाबले. मग ती थांबली. मला वाटलं, मशीन लावत असेल, किंवा पाणी प्यायला गेली असेल. मी बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखा बसून राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि ती म्हणाली, "झालं, काका."

"उरलेली तपासणी कधी घेणार?" मी विचारलं.

ती म्हणाली, "सगळी घेतली, काका."

डॉक्टर चांगले होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलं होतं. स्पीकरशेजारी इतकी वर्षं उभं राहून गेलं होतं आणि ते परत येणार नव्हतं. उरलेलं टिकवायचं असेल तर गाडी सोडा, घरात हळू आवाजात वाजवा. बोलणं ऐकायला मशीन लावता येईल, पण गिटारचा आवाज पूर्वीसारखा ऐकू येईल याची खात्री ते देईनात.

गाडी सोडायचं मला फार दुःख झालं नाही. उन्हात उभं राहायचं माझंही वय आता नाही. मला भीती वाटली ती वेगळीच. मी जे वाजवतो ते कसं वाजतं हे मलाच कळणार नसेल, तर वाजवायचं कशाच्या भरवशावर? आंधळ्याने रांगोळी काढावी तसं होईल ते. मी गिटार कपाटाच्या मागे उभी करून ठेवली. कारखान्यातून यायचो, जेवायचो, झोपायचो. सगळं पावसाळाभर असंच चाललं. बायकोने माझ्या वाजवण्याचं कधी कौतुक केलं नव्हतं; फार तर "काय टीन ठोकी ऱ्हायनात?" एवढंच म्हणायची. आता घर शांत झालं तर तिला बरं वाटायला हवं होतं. पण एके सकाळी डबा माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "रविवारले जळगाव जाऊत. घरमा वाजाडाले जी लागी ती गिटार ली टाका."

"माले ऐकू येत नही, अन् मी काय लेऊ?"

"तुम्ही वाजाडा. मी ऐकस."

दुकानात मालकांनी तिला स्टूल दिलं. पदर सावरून, हात मांडीवर ठेवून ती बसली, कीर्तनाला बसावं तशी. या वेळी कोणी मला भिंतीकडे उभं केलं नाही. मी आधी टेली घेतली आणि एक साधी, संथ सुरावट वाजवली. ती लगेच म्हणाली, "हाई टोचस." मग एका शिंगाची वाजवली. मला ती स्वच्छ ऐकू आली, आवडलीही, आणि घ्यावी तर हीच असं मनात ठरत होतं. ती म्हणाली, "हाई गोधडीमाईन बोलस." मग ती नवी, बिनडोक्याची. तिच्यावर मालकांनी बटणं फिरवून चार तऱ्हांचे आवाज काढून दाखवले. बायकोने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हाई बठ्ठासले हां म्हनस." सगळ्यांना हो म्हणणारी! मालक मोठ्याने हसले. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

शेवटी स्ट्रॅट घेतली. सवयीने बोट हाताजवळच्या पिकअपकडे गेलं होतं, ते मागे घेतलं आणि मानेजवळचा लावला. आवाज हळू ठेवला. तीच सुरावट वाजवली आणि थांबलो. तिने मान तिरकी केली. मी विचारलं, "कशी शे?"

"थांबा ना," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हाई थांबनी तरी मांगे काहीतरी वाजत ऱ्हास."

"काय वाजत ऱ्हास?"

"बारीक. सांगता नही येत."

मला तसलं काही ऐकू आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "बोट वर धर. बंद व्हयनं का खाले ले." तिने शाळेतल्या मुलीसारखं बोट वर धरलं. मी एकच सूर छेडला आणि कान देऊन ऐकत राहिलो. सूर फुलला, मग उतरायला लागला, मग विरत विरत माझ्यापुरता संपला. दुकानात मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटलेले होते आणि बोट अजून वर होतं.

ते खाली येईपर्यंत मी पुढचा सूर छेडला नाही.