खंडेनवमीच्या पाटावरचं लोखंड

मला लोखंड कळतं, ही माझी घमेंड. सांगलीकडून बोईसरला फिटर म्हणून आलो, पुढे मेंटेनन्सचा सुपरवायझर झालो, आणि कसलाही तुकडा दाखवा, कुठल्या कामाचा ते सांगतो, अशी फुशारकी मारत फिरायचो. सरावलीच्या घरी बायको म्हणायची, "अहो, जरा कमी बोलत जा." ऐकतोय कोण!

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे घासूनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, मग मॅनेजर नारळ फोडतात. तीन वर्षांपूर्वी त्या सकाळी साफसफाई करताना एका वेसलच्या, म्हणजे रसायनं तापवायच्या मोठ्या टाकीच्या, मागे, पाइपांच्या आड, मला एक विचित्र वस्तू सापडली. वीतभर लांबीचा जाडजूड गज. एका टोकाला दोन वाकडे दात, दुसऱ्या टोकाला मोठं कडं आणि त्यावर सायकलची ट्यूब नीट गुंडाळलेली. कुणीतरी जीव लावून बनवलेली होती, हे उघडच होतं. पण कशासाठी?

मी ती पाटावर मधोमध ठेवली आणि सगळ्यांना कोडं घातलं. एक म्हणाला ड्रम उघडायची चावी असेल. बिहारी वेल्डर म्हणाला, "साहब, भुट्टा भूनने का है." हशा पिकला. त्या वेसलचे ऑपरेटर काका तेवढे हसले नाहीत. घिवलीचे, मच्छीमार घरातले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, ठेकेदाराकडून कामाला. ते हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सायेब, टाका ना ते भंगारात. काय नाय ते."

"काका, भंगार कुठलं ते मी ठरवतो," मी तोडून टाकलं. ते मान खाली घालून मागे सरकले. एखादा माणूस लोखंडाच्या तुकड्यासाठी असं का सांगतोय, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. कोडं सुटत नव्हतं ना, त्याचाच राग आलेला.

तुकडा घेऊन मी तास-दीड तास प्लँटभर हिंडलो. नट-बोल्टांना लावून पाहिला, झाकणांना लावून पाहिला. शेवटी त्याच वेसलच्या वाफेच्या व्हॉल्व्हवर दात टेकवले, तर चाकात अगदी चपखल बसले. चाक फिरवायची चावी आमच्याकडे होतीच की. पण ती मुठीत घट्ट आवळावी लागते. या तुकड्यावर मूठ आवळायला जागाच नव्हती. मी सहज कड्यात हात घातला, तो कोपराच्या खालपर्यंत गेला. हाताचं वजन टाकलं आणि चाक फिरलं. बोटं लागलीच नाहीत.

काय आनंद झाला म्हणून सांगू! पळतच पूजेला आलो. नारळ फुटला होता, मॅनेजर पेढे वाटत होते. मी ते कडं हातात चढवून सगळ्यांसमोर उंच धरलं आणि ओरडलो, "सुटलं! मूठ वळत नाही अशा माणसाचं हत्यार आहे हे! बोला, कुणाची पकड गेली?"

नेमके तेव्हा काका प्रसाद घेत होते, डाव्या हाताने. प्रसाद डाव्या हाताने कोण घेतं? उजवा पँटच्या खिशात होता. मॅनेजरांचा पेढ्याचा हात तसाच थांबला. सगळ्यांच्या नजरा त्या खिशाकडे गेल्या, आणि मग माझी ट्यूब पेटली. कड्यात हात तसाच अडकलेला, तोंडावर हसू तसंच. ते हसू आवरायलाही मला वेळ लागला.

काकांनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि वेसलवर निघून गेले. आठवड्यात त्यांची तपासणी झाली. सुट्टीत भावाच्या बोटीवर जाळं ओढताना दोर हाताला करकचून बसला होता, तेव्हापासून बोटांत जोरच नव्हता. वर्षभर त्यांनी ते लपवून काम धकवलं होतं, कारण ठेकेदाराच्या माणसाला हात गेला की कामही जातं. आणि तसंच झालं. "उद्यापासून येऊ नका."

लोक मला म्हणाले, बरं झालं, एखाद्या दिवशी अपघात झाला असता. असेलही. पण मी काय सुरक्षेसाठी ओरडलो होतो? मी टाळीसाठी ओरडलो. काकांना बाजूला घेऊन विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं, मग काहीतरी वाट काढता आली असती. हलकं काम होतं, स्टोअरला माणूस हवा होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा नव्हता, एवढाच फरक.

माफी मागायची म्हणून पंधरा दिवसांनी घिवलीला गेलो. काकू दारात बोंबील वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली, चहा टाकला. मी वाक्य जुळवत बसलो होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सायेब, कुणीतरी चुगली केली ओ यांची. तुमी मोठे लोक, तुमचा शब्द चालतो. जरा बोला ना यांच्यासाठी."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी घरी माझं नाव सांगितलंच नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "अगो, त्यांच्या हातात नाय ते. चहा दे त्यांना."

आता बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. काकू कप घेऊन समोर उभ्या होत्या. मी कप घेतला आणि म्हणालो, "बघतो, काकू."