दीड बोट उघडणारं तोंड

“अक्कलदाढ काढून टाका नि पोरीला मोकळी करा,” लिमये सर म्हणाले. पोरगी खुर्चीत बसलेली होती. तिला काय वाटतं हे विचारायची गरज त्यांना वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

गोष्ट २००४च्या दिवाळीनंतरची. रत्नागिरीत माझा दातांचा दवाखाना. लिमये सर नाटे गावात शिक्षक. त्यांची रेवती बारावी सायन्सला, रत्नागिरीत आत्याकडे राहून शिकायची. शनिवारी एसटीने घरी, सोमवारी सकाळी परत. महिनाभर तिचं तोंड धड उघडत नव्हतं. आमचं माप सोपं असतं. पेशंटची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जायला हवीत. रेवतीचं कसंबसं दीड जात होतं.

“परवा पानातली आंबोळी तशीच टाकलेन आणि नुसती पेज प्यायलेन,” सर म्हणाले. कुठे दुखतं, कधी दुखतं, सगळं तेच सांगत होते. वर्गात पोर अडखळलं की उत्तर स्वतःच सांगून टाकायची सवय, दुसरं काय.

एक्स-रे काढला. अक्कलदाढ बिचारी निवांत होती. मी ती काढायला साफ नकार दिला. दुखत होता तो कानापुढचा सांधा, जिथे जबडा कवटीला जोडलेला असतो, आणि गालाचे स्नायू. गालाला आतून दातांची पांढरी रेघ उमटली होती, दाढांची टोकं घासली होती. म्हणजे बाईसाहेब झोपेत दात आवळत होत्या. मी रात्री दातांवर बसवायची प्लेट करून दिली, गरम शेक सांगितला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पंधरा दिवसांनी तोंड दोन बोटं उघडलं. मग पुन्हा दीड. मी प्लेट दोनदा घासून नीट बसवली, तरी तेच. वैतागून तिला एक वही दिली आणि रोज सकाळी दुखण्याला दहापैकी मार्क द्यायला सांगितलं. मास्तरांची लेक ती, एक दिवस चुकला नाही. तीन आठवड्यांनी वही उघडली. मंगळवार ते शनिवार दोन, फार तर तीन. रविवारी आणि सोमवारी आठ. जबड्याला वार कळतो हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मी सरांना कापूस आणायला पाठवलं. कपाटात कापसाचे चार गठ्ठे होते.

“घरी काय होतं गं?” मी विचारलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी आली, तेव्हा सरांनी गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं, की हिला डॉक्टर कर. झाडून सगळी वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणाली. तेव्हापासून ती गावात उतरली की स्टॉपपासून घरापर्यंत जो तो ‘काय डॉक्टरीणबाई’ म्हणून हाक मारायचा.

“मला फिशरीजला जायचंय,” ती म्हणाली. “पण देवासमोर बोलून झालंय. आता नाही कसं म्हणू?” आणि ती रडायला लागली. मला माझाच राग आला. चार वेळा ही पोर माझ्या खुर्चीत बसली आणि मी नुसती तिच्या तोंडात बघत होते.

सर कापूस घेऊन आले. रेवतीला विचारून मी सगळं त्यांच्या कानावर घातलं आणि वही पुढे ठेवली.

“म्हणजे माझ्या पोरीला वेड लागलंय म्हणता?”

“अजिबात नाही. जबडा खराच दुखतोय. पण मनावर ताण आला की दात आवळले जातात, आणि जबडा दुखत राहिला की मन आणखी खचतं. प्लेट मी देईन. ताण तुम्हीच उतरवायला हवा.”

सरांनी रविवारच्या एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “आमच्या घरात मासळी शिजत नाही, नि ही मासे शिकणार?”

“शिकायचेत बाबा, खायचे नाहीत,” रेवती म्हणाली. वडिलांसमोर माझ्या दवाखान्यात ती पहिल्यांदाच बोलली. सरांना हसू आवरलं नाही.

पुढे प्लेट आणि जबड्याचे व्यायाम चालू राहिले. एका मानसोपचार डॉक्टरांकडेही ती तीन-चारदा जाऊन आली. सर त्यांना ‘डोकेदुखीचे डॉक्टर’ म्हणायचे, मी दुरुस्त केलं नाही. त्यांचा खरा घोर वेगळाच होता. घातलेलं गाऱ्हाणं मागे कसं घ्यायचं? यावर इलाज माझ्याकडे नव्हता, तो सापडला गुरवाकडे. मागे घ्यायचं नाही, नवीन घालायचं.

परीक्षा संपली, शिमगा आला. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पालखी अंगणात बसली आणि गुरवाने हात जोडले. “महाराजा, गेल्या साली जा काय मागितला, त्यात चूकभूल झाली असंल ती पदरात घे. लेकीला जा शिकायचा असंल ता शिकू दे, नि तिचा जबडा बरा कर रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” वाडी गरजली. त्यात रेवतीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मी सवयीने लांबूनच माप घेतलं. तीन बोटं, आरामात.

तिला फिशरीजला प्रवेश मिळाला. आणि मला एक सवय लागली. जबडा दुखतो म्हणून कुणी पोर आलं, की तोंड उघडायला सांगण्याआधी मी त्याच्या बापाला कापूस आणायला पाठवते. त्यामुळे माझ्या दवाखान्यात कापूस कधी कमी पडत नाही.