सासूबाईंच्या पाठीचं भोक

माझ्या सासूबाई आमच्या दारव्ह्याच्या घराच्या परसात, भर दुपारी, मोठ्ठा आवाज करून फुटल्या.

(घाबरू नका. त्या ठणठणीत आहेत. आत्ताच माझ्या चहाला नावं ठेवून गेल्या.) फुटली ती त्यांची मातीची मूर्ती. मी अशा गमतीच्या मूर्ती करते: ढेरी सावरत घोरणारा नवरा, जीपच्या टपावर बसलेला पाव्हणा. शिकवलं कोणी नाही. मोबाइलवर बघून आणि बऱ्याच मातीची वाट लावून शिकले. माझा सगळा पसारा रिकाम्या गोठ्यात, आणि सासूबाईंना त्याच गोठ्यात म्हैस बांधायची!

शेवटी त्यांनीच तोड काढली. "माही मूर्ती कर. फुलसावंगीची माही बहीण येऊन राह्यली, तिले दाखवू. साजरी झाली तं गोठा तुहा. नाई तं म्हैस!"

मी जीव ओतला. खुर्चीवर बसलेल्या सासूबाई, हातात मोबाइल, नाकावर चष्मा. तोंड मात्र मिटलेलं केलं. (आदर म्हणून! हुबेहूब केलं असतं तर हवा तिथूनच निघून गेली असती आणि पुढचा अनर्थ टळला असता.) पोकळ मूर्ती भाजताना आतल्या हवेला वाट लागते, नाहीतर ती फुटते. म्हणून मी अंबाड्याखाली, पाठीला एक भोक ठेवलं.

"माह्या पाठीले भोक काहून व?"

"हवा जायले लागते, आई."

"मी काय सायकलची ट्यूब आहो का?"

मला वाटलं, विषय संपला. सासूबाईंचा विषय असा संपतो होय!

मावशी आल्या. मी परसात भट्टी रचली: खाली गवऱ्या, वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, मधोमध सासूबाई. त्यांच्याभोवती नवरा, पाव्हणा आणि मी स्वतः, म्हणजे ओणवी होऊन माती मळणारी माझी छोटी मूर्ती. मावशी खुर्ची टाकून समोरच बसल्या.

"जित्या बाईले जाळून राह्यली का व?"

"भाजून राह्यली, मावशी."

"मंग ठीक हाय."

आणि धडाम! गवऱ्या उडाल्या, मावशी खुर्चीसकट मागे गेल्या. भिंतीपलीकडून शेजारच्या शोभाकाकू किंचाळल्या, "अवो, तुमच्या सासूचं मुंडकं आमच्या तुरीत येऊन पडलं!" ते ऐकून नवरा झोपेतून "आई!" करत धावत आला आणि दारात उभ्या आईला बघून आणखीच दचकला.

"असं कसं फुटलं? पाठीले भोक ठेवलं होतं मी!" मी रडकुंडीला आले.

"ते म्या बुजवलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळीच. माती लावून, बोट फिरवून. बहिणीपुढं बरं दिसते का ते?"

मला खरंच रडू फुटलं. सासूबाई गेल्याचं नव्हे, गोठा गेल्याचं!

राख निवल्यावर सासूबाई काठीनं उकरू लागल्या. पाव्हण्याचं डोकं गायब. नवऱ्याची ढेरी उडालेली (खरी कधी जाणार?). मग त्या एकदम थांबल्या. धुरानं काळी झालेली एक मूर्ती त्यांनी उचलली, पदरानं पुसली आणि मावशीच्या नाकासमोर धरली.

"पाह्य बाई, कशी म्हैस केली माह्या सुनेनं! चार पाय, खाली मान, अन् डोळ्यात किती गरीबपणा!"

"आता दूध देईन असं वाटते," मावशी म्हणाल्या.

"मंग खरी कायले आणा? ठेव व तुले गोठा!"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गोठा महत्त्वाचा.

तेव्हापासून दर पोळ्याला सासूबाई मातीच्या बैलांशेजारी ती म्हैस मांडतात, तिला हळदकुंकू लावतात आणि मला हाक मारतात, "पाया पड व तिच्या, तिच्यानं गोठा भेटला तुले!" मीही डोक्यावर पदर घेते आणि मुकाट्यानं स्वतःच्याच पाया पडते.